मदत हवी आहे - आईला करमत नाहीये, काय करू?

नमस्कार मंडळी, बाबा जाऊन आठ महिने झाले, आई चिपळूणला एकटीच असते आणि मी पुण्यात. रोज रात्री फोन होतो, जेवलीस का, गोळी घेतलीस का, सगळं विचारून होतं, मग ती हळूच म्हणते "करमत नाही गं." एकटं वाटतं असं कधीच म्हणत नाही. एकांत तर तिला आवडायचा, दुपारी सगळे झोपले की पोथी घेऊन ओटीवर बसायची, पण तेव्हा घरात कोणीतरी घोरत असायचं ना, तोच फरक असावा असं मला आता वाटतंय.

मागच्या शनिवारी गेले तर सकाळी तिने सवयीने दोन कप चहा गाळलेला, मी अजून उठलेही नव्हते. दुसरा कप तसाच ओट्यावर, साय धरलेला. बघून पोटात कालवलं.

पुण्याला ये म्हटलं तर "तुम्ही दोघं ऑफिसला, मी चौथ्या मजल्यावर काय करू, इथे निदान शेजारीण हाक मारते" म्हणते, आणि तेही खरंच आहे. ज्येष्ठ नागरिकांची 14567 हेल्पलाइन माहितीये, पण आई अनोळखी माणसाशी मन मोकळं करणाऱ्यातली नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या आईवडिलांना ज्येष्ठ नागरिक संघाचा, भजनी मंडळाचा खरंच उपयोग झालाय का? पहिल्यांदा घराबाहेर कसं काढलंत त्यांना? आणि ती करमत नाही म्हणते तेव्हा मी नेमकं काय बोलू, प्लीज सांगा.