क्रिटिकल पाथची (प्रकल्पाचा एकूण कालावधी ठरवणाऱ्या सर्वात लांब वाटेची) गणितं सुटतात, पण गटाच्या प्रकल्पाचं वेळापत्रक जमत नाही. नेमकं काय चुकतं?

पहिलं_सत्र

विद्यापीठात यंदा प्रकल्प व्यवस्थापन हा विषय आहे. लेखी परीक्षेसोबत चौघांच्या गटाने १२ आठवड्यांत एक प्रकल्प करायचा आहे: ग्रंथालयातली पुस्तकं राखून ठेवण्याचं छोटं ॲप. पुस्तकातली उदाहरणं सुटतात, पण स्वतःच्या प्रकल्पाला तेच लावायला गेलं की अडतं. चार शंका आहेत.

१. डब्ल्यूबीएस (वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर, म्हणजे प्रकल्पाची भागाभागांत केलेली फोड) आणि कामांची यादी यात खरा फरक काय?
२. टोटल फ्लोट आणि फ्री फ्लोट (कामाला उशीर करता येण्याच्या दोन प्रकारच्या सवडी) वेगळे का मोजायचे?
३. पर्टचं (तीन अंदाजांवरून कामाचा कालावधी काढण्याच्या पद्धतीचं) सूत्र पाठ आहे, पण ते तीन अंदाज आणायचे कुठून?
४. जिथे पैसेच खर्च होत नाहीत तिथे अर्न्ड व्हॅल्यू (झालेल्या कामाचं आराखड्यातलं मोल) कशी मोजणार?

---

कागद_पेन्सिल

पहिल्या शंकेवर जरा सविस्तर लिहितो, कारण पुढची सगळी गणितं याच पायावर उभी राहतात.

डब्ल्यूबीएसमध्ये 'काय हातात पडणार' ते येतं, कामांच्या यादीत 'ते मिळवायला काय करावं लागणार' ते. म्हणून डब्ल्यूबीएसच्या चौकटीत नाम लिहा: 'डेटाबेस', 'शोध स्क्रीन', 'चाचणी अहवाल'. यादीत क्रियापद येतं: 'तक्ते आखणे', 'नमुना नोंदी भरणे'. डब्ल्यूबीएसमध्ये क्रमही नसतो. कशानंतर काय हा प्रश्न नेटवर्क (कामांच्या क्रमाची आकृती) काढताना विचारायचा. दोन्ही एकाच वेळी ठरवायला गेलं की क्रमाच्या नादात निम्मी कामं राहून जातात.

दुसरा नियम शंभर टक्क्यांचा: एका चौकटीखालच्या सगळ्या चौकटी मिळून वरची चौकट पूर्ण झाली पाहिजे, कमी नाही आणि जास्तही नाही. विद्यार्थ्यांच्या डब्ल्यूबीएसमध्ये ॲपचे भाग बरोबर असतात. सुटतं ते बाकीचं. अंतिम अहवाल, सादरीकरण, प्रात्यक्षिकासाठी लागणाऱ्या नमुना नोंदी, मार्गदर्शकांच्या सूचनांनंतरच्या दुरुस्त्या, गटाच्या बैठका. यांना चौकट नाही म्हणजे वेळ नाही, आणि मग शेवटचे दोन आठवडे त्यातच जातात.

किती बारीक फोडायचं? सर्वात खालची चौकट, म्हणजे पॅकेज, ८ ते ८० तासांचं असावं, असा एक ढोबळ नियम शिकवतात. तुमच्यासाठी ८० फार झाले. प्रत्येकी आठवड्याला ६ तास धरले, तर ८० तासांच्या पॅकेजवर एकटा माणूस तीन महिने अडकेल आणि ते पुढे सरकतंय की नाही हे कळणारही नाही. ४ ते १२ तासांची पॅकेजेस करा, प्रत्येकाला एकच जबाबदार नाव द्या, आणि 'झालं' म्हणजे काय ते एका ओळीत लिहा. 'शोध स्क्रीन झाली' याचा अर्थ कोड लिहिला, की दुसऱ्याने तपासून मंजूर केला? हे आधी ठरलं नाही तर सगळे ९० टक्क्यांवर येऊन थांबतात आणि आठवडेच्या आठवडे तिथेच राहतात.

आता बेरीज. ४ जण × ६ तास × १२ आठवडे = २८८ तास. पॅकेजेसची बेरीज २८८ येत असेल तर आराखडा पहिल्याच दिवशी तुटलेला आहे. बेरीज २४० पर्यंत आणा, उरलेले ४८ तास राखीव ठेवा. बसत नसेल तर व्याप्ती आत्ताच कापा आणि 'यात हे येणार नाही' अशी वेगळी यादी करून मार्गदर्शकांची मंजुरी घ्या. ही नकाराची यादी जवळपास कोणी करत नाही. नंतरचे निम्मे वाद तिच्या अभावी होतात.

---

उलट_मोजणी

फ्लोटचं उदाहरण हाताने सोडवा. सॉफ्टवेअर उत्तर देतं, पण फ्लोट कुठून आला ते दिसत नाही.

क: ३ दिवस, आधी काही नाही
ख: ४ दिवस, क नंतर
ग: २ दिवस, क नंतर
घ: ५ दिवस, ख नंतर
च: ३ दिवस, ग नंतर
छ: २ दिवस, घ आणि च दोन्हींनंतर

पुढून मोजत या, म्हणजे प्रत्येक काम लवकरात लवकर कधी: क ०–३, ख ३–७, ग ३–५, घ ७–१२, च ५–८. छ दोघांसाठी थांबतो, म्हणून १२ आणि ८ यांतला मोठा आकडा घ्यायचा: छ १२–१४. प्रकल्प १४ दिवसांचा.

आता उलट या, म्हणजे १४ दिवस न लांबवता प्रत्येक काम उशिरात उशिरा कधी: छ १२–१४, घ ७–१२, च ९–१२, ख ३–७, ग ७–९. क पाशी दोन वाटा येऊन मिळतात: ख उशिरात उशिरा ३ ला सुरू व्हायला हवा, ग ७ ला. इथे लहान आकडा घ्यायचा, म्हणजे ३. पुढून येताना मोठा घेण्याची सवय लागलेली असते, त्या झोकात ७ लिहिला जातो आणि क ला नसलेला फ्लोट मिळतो. उत्तरपत्रिकेतली ही नेहमीची चूक. दुसरी नेहमीची चूक म्हणजे निम्मी मोजणी दिवस ० पासून आणि निम्मी दिवस १ पासून. कुठलीही एक पद्धत घ्या, शेवटपर्यंत तीच ठेवा.

क्रिटिकल पाथ क-ख-घ-छ. टोटल फ्लोट म्हणजे उशिरात उशिरा सुरुवात वजा लवकरात लवकर सुरुवात: ग चा ७−३ = ४, च चाही ९−५ = ४. पण हे ४ आणि ४ मिळून ८ नाहीत! त्या वाटेवर एकूण ४ दिवसांचीच सवड आहे आणि ती दोघांत सामाईक आहे. ग ने ३ दिवस वापरले की च कडे १ उरतो.

हे दिसावं म्हणूनच फ्री फ्लोट: पुढच्या कामाच्या लवकरात लवकर सुरुवातीला धक्का न लावता किती रेंगाळता येतं? ग साठी ५−५ = ०, च साठी १२−८ = ४. व्यवहारात अर्थ असा, की च करणारा ४ दिवस कोणालाही न विचारता घेऊ शकतो, पण ग करणाऱ्याने एक दिवस जरी घेतला तरी च करणाऱ्याला कळवलं पाहिजे. गटात 'माझ्याकडे चार दिवस आहेत' असं दोघंही म्हणत असतील तर भांडण नक्की.

---

पहिलं_सत्र

खूप उलगडलं. एक उपशंका: आमच्याकडे ख, ग आणि घ ही तिन्ही कामं डेटाबेस येणारी एकच व्यक्ती करणार आहे. मग हे १४ दिवस खरे धरायचे का?

---

उलट_मोजणी

नाही. नेटवर्क फक्त कामांचं परस्परावलंबन पाहतं, माणसं मोजत नाही. हाच तुमच्या मूळ अडचणीचा गाभा आहे.

क ३ ला संपलं. 'क्रिटिकल कामं आधी' म्हणून त्या व्यक्तीने ख (३–७), घ (७–१२) आणि मग ग (१२–१४) केलं, तर दुसऱ्याने केलेलं च १४–१७ आणि छ १७–१९. म्हणजे १९ दिवस. तेच ख (३–७), ग (७–९), घ (९–१४) असं केलं तर च ९–१२ दरम्यान सोबत उरकतं आणि छ १४–१६. १६ दिवस. कामं तीच, माणसं तीच, फरक ३ दिवसांचा.

कारण पाहा. ग चा ४ दिवसांचा फ्लोट दिवस ३ ला होता. दिवस ७ उजाडेपर्यंत तो संपला, म्हणजे आता ग आणि घ दोघांचाही फ्लोट शून्य. बरोबरी असेल तर लहान काम आधी घ्या, विशेषतः त्याच्यामागे दुसरा माणूस खोळंबला असेल तर. आणि फ्लोट सुरुवातीला मोजून भिंतीवर लावायचा आकडा नाही. दर टप्प्याला नव्याने मोजायचा.

१६ च्या खाली यायचं असेल तर ग दुसऱ्या कोणाला तरी शिकवून द्या. परत १४.

---

सहा_ने_भागा

तिसरी शंका घेतो. क्रिटिकल पाथ पद्धत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीत उभी राहिली, रासायनिक कारखान्यांच्या कामांसाठी. तिथे कामांचा कालावधी अनुभवाने ठाऊक असायचा, म्हणून एकच आकडा पुरे. पर्ट १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र कार्यक्रमातून आलं, जिथे बरीचशी कामं आधी कोणी केलेलीच नव्हती. म्हणून तीन आकडे: आशावादी, संभाव्य, निराशावादी. तेव्हा प्रत्येक कामाला पर्ट लावू नका. जे आधी केलेलं नाही त्यालाच लावा.

आकडे काढताना क्रम महत्त्वाचा. आधी संभाव्य आकडा ठरवला की बाकीचे दोन त्याच्याच आसपास घुटमळतात, ४ म्हटलं की ३ आणि ५. म्हणून आधी निराशावादी विचारा: काय काय बिघडू शकतं ते लिहा, मग दिवस लिहा. समजा २, ४, १२ आले. (२ + ४×४ + १२) ÷ ६ = ५ दिवस. प्रमाण विचलन, म्हणजे अंदाज किती पसरलेला आहे त्याचं माप, (१२−२) ÷ ६ = १.६७. संभाव्य आकडा ४ असून सरासरी ५ का? बिघाडाची बाजू लांब आहे म्हणून.

वाटेवर बेरीज प्रचरणाची (प्रमाण विचलनाच्या वर्गाची) करायची, प्रमाण विचलनाची नाही. क्रिटिकल पाथची सरासरी १४ आणि प्रचरणांची बेरीज ४ असेल तर विचलन २, म्हणून १६ दिवसांत संपण्याची शक्यता सुमारे ८४ टक्के. आणि नुसते १४ सांगितले तर ५० टक्के! अंतिम तारीख म्हणून सरासरी सांगणं म्हणजे नाणं उडवणं.

---

कागद_पेन्सिल

वरच्या ८४ टक्क्यांना एक दुरुस्ती हवी. तो आकडा फक्त त्या एका वाटेचा आहे. तितकीच लांब दुसरी, स्वतंत्र वाट छ पाशी मिळत असेल आणि प्रत्येक वाट वेळेत संपण्याची शक्यता ५० टक्के असेल, तर दोन्ही वेळेत संपण्याची शक्यता २५ टक्केच. पर्टचं उत्तर म्हणूनच नेहमी थोडं आशावादी असतं. वाटा जिथे येऊन मिळतात, तिथे राखीव वेळ ठेवा.

---

सहा_ने_भागा

मान्य, परीक्षेत 'पर्टच्या मर्यादा' विचारल्या तर हा मुद्दा पहिला लिहा.

आता अर्न्ड व्हॅल्यू. पैशांच्या जागी तास घाला, एवढंच. एकूण आराखडा २४० तासांचा. सहाव्या आठवड्याअखेर नियोजित काम १२० तासांचं. पूर्ण झालेल्या पॅकेजेसचे मूळ तास मिळून ९०. प्रत्यक्षात घातलेले तास १३५.

वेळापत्रकाचा निर्देशांक ९० ÷ १२० = ०.७५. खर्चाचा निर्देशांक ९० ÷ १३५ = ०.६७. याच गतीने एकूण लागतील २४० × १३५ ÷ ९० = ३६० तास.

पुढचा हिशेब पुस्तकं सहसा करत नाहीत, तो करा. उरलेलं काम १५० तासांचं. उरलेल्या ६ आठवड्यांत हातात १४४ तास, आणि तुमच्या गतीने त्यात होणारं काम ९६ तासांचं. म्हणजे ५४ तासांची पॅकेजेस आज कापायची किंवा लहान करायची. सहाव्या आठवड्यात हे कळलं तर मार्गदर्शकांशी बोलून मार्ग निघतो; अकराव्यात बोलण्यासारखं काही उरत नाही.

दोन पथ्यं. 'किती टक्के झालं' हे विचारू नका. संपलं तर पूर्ण तास, नाहीतर शून्य. पॅकेजेस लहान असली की हे पुरतं. आणि वेळापत्रकाच्या निर्देशांकावर शेवटच्या आठवड्यांत विसंबू नका. प्रकल्प कितीही उशिरा संपला तरी सगळं काम झालं की तो १ वरच येतो. तेव्हा क्रिटिकल पाथकडे पाहा.

---

पहिलं_सत्र

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पॅकेजेसची बेरीज करून पाहिली: ३१० तास आले. बैठका आणि अहवाल धरलेले नव्हतेच.

---

कागद_पेन्सिल

मग आधी बैठका आणि अहवाल घाला, नवी बेरीज करा आणि नंतरच कापायला बसा. कापताना 'पुस्तक शोधणे, राखणे, रद्द करणे' हा एक धागा पूर्ण ठेवा. सूचना-संदेश, आकडेवारीचा पडदा, सजावट हे नकाराच्या यादीत टाका.