यूकेहून पुण्याला गाडी न्यायची आहे, शिपिंगचा खर्च किती येईल?

रीडिंगचा_पुणेकर

नमस्कार मंडळी, आम्ही पुढच्या उन्हाळ्यात कायमचे पुण्याला परत येतोय. घरातलं बाकी सामान कंटेनरने येणारच आहे, अडलंय ते गाडीचं. टोयोटा यारिस हायब्रिड आहे, 1.5 ची, निघू तेव्हा दोन वर्षांची असेल, नवी घेतली तेव्हा 24,000 पौंड पडले होते. गाडी एकदम झकास चालतेय आणि बायकोचं म्हणणं की स्टिअरिंग उजवीकडेच आहे तर इथे मातीमोल भावात विकून तिकडे परत लोन कशाला काढायचं. मलाही ते पटतंय. पण शिपिंगचे कोट मागवले तर एकाचा 1,100 पौंड आणि दुसऱ्याचा 2,300, एवढा फरक कसा काय? रोरो घ्यावं की कंटेनर? आणि एक मित्र म्हणाला ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्समध्ये (टीआर, म्हणजे कायमचं परतणाऱ्यांना कस्टमची सवलत) गाडीची ड्यूटी माफ होते, ते खरंय का? कोणाला माहीत असेल तर नीट सांगा प्लीज.

गोदीकाठ

दादा, मी मुंबईत क्लिअरिंगच्या कामात आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आधी कोटचं. 1,100 वाला बहुतेक फक्त पोर्ट टू पोर्ट भाडं सांगतोय, म्हणजे गाडी तुम्ही स्वतः साउथॅम्प्टनला नेऊन द्यायची आणि इकडे मुंबईत बोट लागली की पुढचं तुमचं तुम्ही बघायचं. 2,300 मध्ये घरून पिकअप, कंटेनरमध्ये गाडी चढवून लाकडाच्या ठोकळ्यांनी आणि पट्ट्यांनी आवळणं, तिकडचं टर्मिनल हँडलिंग, एक्स्पोर्टचे कागद हे धरलेलं असू शकतं. इन्शुरन्स मात्र दोन्हीकडे वेगळा विचारा, तो बरेचदा नसतोच. आणि दोघांनाही लेखी विचारा की डेस्टिनेशन चार्जेस कोण भरणार, कारण इकडचं टर्मिनल हँडलिंग, डिलिव्हरी ऑर्डरची फी, सीएफएसचे (कंटेनर उघडतात त्या गोदामाचे) पैसे, एजंटची फी हे सगळं स्वस्त कोटच्या बाहेर असतं आणि माल इथे येऊन पडल्यावर भाव करायची सोय राहत नाही.

रोरो म्हणजे गाडी चालवत बोटीत नेतात आणि चालवतच उतरवतात. साधारण स्वस्त पडतं, पण आत स्वतःचं सामान ठेवू देत नाहीत, टाकीत पेट्रोल अगदी थोडं ठेवायला लावतात आणि चावी दुसऱ्याच्या हातात जाते. कंटेनरला भाडं जास्त, पण गाडी कुलूपबंद येते.

आता खरं सांगतो, भाड्याची घासाघीस करण्यात अर्थ नाही, पैसा जातो तो ड्यूटीत. टीआरची सूट घरगुती सामानाला आहे, मोटार गाड्या बॅगेजच्या सवलतीत येतच नाहीत. गाडीला पूर्ण ड्यूटी. जुन्या गाडीवर आधी 125 टक्के बेसिक आणि वर सरचार्ज होता, 2025 च्या बजेटमध्ये ते 70 टक्के बेसिक आणि 67.5 टक्के अ‍ॅग्री सेस असं झालं, बेरीज तीच, 137.5 टक्के. त्याच्यावर परत आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. तुमचं इंजिन 1200 सीसीच्या वर आहे म्हणजे 18 चा स्लॅब नाही, 40 टक्के.

हिशोबी_काकू

गोदीकाठ यांनी सांगितलंय ते आकड्यात मांडते, म्हणजे घरात दाखवता येईल. कस्टमवाले तुम्ही सांगाल ती किंमत धरत नाहीत, गाडी नवी असतानाची किंमत धरून तिमाहीप्रमाणे घसारा देतात, पहिल्या वर्षी दर तिमाहीला 4 टक्के, दुसऱ्या वर्षी 3, तिसऱ्या वर्षी अडीच. दोन वर्षं पूर्ण झाली तर 28 टक्के वजा, म्हणजे 24,000 चे राहिले 17,280. त्यात भाडं आणि इन्शुरन्स मिळवायचं, समजा 1,720 धरलं तर झाले 19,000 पौंड. त्याच्यावर 137.5 टक्के म्हणजे 26,125. दोन्ही मिळून 45,125, त्याच्यावर 40 टक्के आयजीएसटी 18,050. एकूण ड्यूटी 44,175 पौंड! पौंड 115 रुपये धरला तरी पन्नास लाखांच्या वर जातं.

आणि बघा, भाडंसुद्धा त्या रकमेत धरलं जातं, म्हणजे भाड्याचा एक पौंड वाढला की तुमच्या खिशातून तीन पौंडांपेक्षा जास्त जातात. मग आरटीओ. महाराष्ट्रात इम्पोर्टेड गाडीला वन टाइम टॅक्स 20 टक्के आहे. यारिससाठी हे करू नका हो, मनापासून सांगते.

शारजाहवासी

आम्हा आखातवाल्यांना तर हा प्रश्नच येत नाही, इथल्या गाड्या लेफ्ट हँड ड्राइव्ह, आणि तशा वापरलेल्या गाड्या भारतात आणताच येत नाहीत. दर महिन्याला कोणीतरी नवीन माणूस हेच विचारतो आणि एजंट लोक भाड्याचा कोट देऊन मोकळे होतात, गाडी तिकडे उतरणार का हे सांगतच नाहीत, फार राग येतो. कार्नेवर (तात्पुरत्या आयातीच्या कागदावर) गाडी नेता येते पण ती फिरून परत बाहेर काढण्यासाठी, त्यासाठी मोठी गॅरंटी ठेवावी लागते. कायमचं परतणाऱ्याच्या कामाचं नाही ते.

रीडिंगचा_पुणेकर

बाप रे. काकू, तुमचा हिशोब बायकोला दाखवला, ती दोन वेळा कॅल्क्युलेटरवर करून बघत बसली. खूप आभार. पण एक विचारतो, समजा पैशाचा प्रश्न नाही असा माणूस असेल तर तो तरी आणू शकतो का? आमच्या ओळखीतले एकजण महागडी गाडी न्यायचं म्हणतायत.

गोदीकाठ

आणू शकतो, पण अटी बघा. गाडी बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली पाहिजे, रजिस्ट्रेशनची तारीख नाही, मॅन्युफॅक्चरिंगची, शोरूममध्ये आठ महिने उभी असेल तर ते आठ महिने गेलेच. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये पाहिजे, यूकेच्या गाड्यांत मैल असतात तेव्हा ते आधीच बघून घ्यायचं. जुनी गाडी फक्त मुंबई बंदरातूनच येते, कोची किंवा चेन्नईला उतरवता येत नाही. आणि उतरल्यावर सोडवण्याआधी टेस्टिंगला पाठवावी लागते, पुण्याची एआरएआय किंवा नगरचं व्हीआरडीई. या सगळ्यात दिवस जातात आणि त्या दिवसांचं डेमरेज, म्हणजे बंदरात जागा अडवल्याचं भाडं, चढत राहतं, कंटेनर वेळेत रिकामा नाही दिला तर डिटेन्शन वेगळं. लोकांचा जीव इथेच रडकुंडीला येतो. एका साहेबांची गाडी कागद अपुरे म्हणून पडून राहिली, धुळीने काच दिसेनाशी झाली होती, चारी टायर बसलेले.

टेम्स_ते_मुठा

त्या ओळखीतल्यांना अजून एक सांगा, गाडी पीसीपी किंवा हायर परचेसवर, म्हणजे हप्त्यांवर घेतलेली असेल तर ती अजून फायनान्स कंपनीची आहे, हप्ते फेडल्याशिवाय देशाबाहेर काढता येत नाही. फेडून झाली की डीव्हीएलएला (इथलं गाड्यांच्या नोंदणीचं खातं) कायमच्या एक्स्पोर्टचं कळवायचं, व्ही 5 सी मध्ये, म्हणजे गाडीच्या लॉगबुकमध्ये, त्याचा भाग असतो, मग उरलेल्या महिन्यांचा रोड टॅक्सही परत मिळतो. बोटीच्या वेळेचंही विचारून घ्या, 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यापासून बऱ्याच कंपन्यांनी बोटी आफ्रिकेला वळसा घालून काढल्या, त्याने दिवसही वाढले आणि भाड्यावरचे सरचार्जही.

आणि रीडिंगकर, तुमची यारिस आहे तर तीन-चार ठिकाणी ऑनलाइन व्हॅल्युएशन काढा, डीलरचा पहिला आकडा घेऊ नका, हायब्रिडला इथे चांगली मागणी आहे. दोन्ही चाव्या आणि सर्व्हिसचे सगळे रेकॉर्ड काढून ठेवा, आणि नो क्लेम बोनसचं पत्र इन्शुरन्सवाल्यांकडून निघायच्या आधी मागून घ्या, पुण्यातली कंपनी मानेल की नाही ते तिथे विचारता येईल.

रीडिंगचा_पुणेकर

विकायचं ठरलं. सर्व्हिस बुक सापडलं, दुसरी चावी शोधतोय.