मदत हवी आहे: बाबांची येझदी गिअर ऑइल पितेय

नमस्कार मंडळी, कळव्याहून लिहितोय. बाबांची १९८४ ची येझदी रोडकिंग मोटारसायकल आठ महिने रविवारी-रविवारी घरीच जुळवतोय. टाकीचा गंज काढला, कार्ब्युरेटर, ठिणगीचे पॉइंट झाले. गणपतीत गिअरचाच लिव्हर उभा करून (येझदीत किकही तोच) किक मारली, फट् फट् ऐकून आई धावत खाली आली.

आता दोन्ही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो, प्लग ओला. गिअरबॉक्सचं ऑइल घटतं, पण खाली एक थेंब नाही. क्लचकडचं क्रँक सील (क्रँकच्या दांड्यावरची, ऑइल अडवणारी रबरी रिंग) गेलं असावं आणि ऑइल इंजिनात जाऊन जळत असावं. त्यासाठी इंजिन उघडावंच लागेल का? ठाण्यात टू-स्ट्रोक इंजिनं मनापासून करणारा जुना मिस्त्री कुणाला माहीत आहे? सील साधं घ्यावं की व्हिटॉनचं (जास्त उष्णता सोसणाऱ्या रबराचं)? एकाने भंगारात द्यायला सांगितलं. ते होणार नाही.