चालताना पोटरी धरते, थांबलं की सुटते. निपाणी-बेळगाव भागात कुणाला दाखवावं?

सीमेवरची_लेक
आमचे आप्पा, वय 66. निपाणीत तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलं. साखर आहे, गोळी चालू. हल्ली घरातून स्टँडपर्यंत जाईतो उजवी पोटरी गच्च धरते. मग एखाद्या दुकानाच्या फळीला टेकून मोबाईल बघितल्यासारखं करतात, दोन-चार मिनिटांत सुटली की पुढे. गुडघा ठीक आहे. एकाने कॅल्शियम दिलं, एकाने मालिशचं तेल. फरक शून्य. शेजारी म्हणतात वय झालं, चालणं कमी करा. बेळगाव गाठावं की कोल्हापूर? हाडाचा डॉक्टर की नसांचा?

टिळकवाडीकर
ताई, हाडाच्या डॉक्टरकडून सुरुवात नको. चालल्यावर दुखतं आणि नुसतं उभं राहिलं तरी थांबतं, ही बहुतेक वेळा रक्तवाहिनीची खूण. पायाकडे रक्त नेणारी धमनी आतून चरबीच्या थरांनी अरुंद झाली की बसल्या जागी रक्त पुरतं, चालताना स्नायू जास्त मागतो तेव्हा कमी पडतं. मणक्यात नस (मज्जातंतू, रक्ताची नव्हे) दबली असेल तर सहसा उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. तशी माणसं सायकल मात्र खुशाल मारतात!

आधी चांगल्या एमडी फिजिशियनकडे जा आणि जांघेत, गुडघ्यामागे, घोट्याशी, पावलावर नाडी लागते का ते बघायला सांगा. पँट वर न करता औषध लिहिणारा असेल तर उठून या. मग एबीआय करा: दंडाचा आणि घोट्याचा बीपी मोजून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात, सुई नाही, दुखणं नाही. 0.9 किंवा त्याखाली आलं तर अडथळा धरतात. मात्र साखरेच्या पेशंटच्या धमन्या बऱ्याचदा कडक झालेल्या असतात, त्यामुळे आकडा खोटाच चांगला येऊ शकतो. 1.4 च्या वर गेला तर खूश होऊ नका, पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा. त्यानंतर कलर डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी.

विडी_सोडलेला
मी पण निपाणीचाच. आप्पा विडी ओढतात काय ओ? ते लिहिलंच नाही तुम्ही. ओढत असतील तर बाकी सगळं नंतर. तंबाखू-चुना आणि मिश्री पण त्यातच धरा, निकोटीन कसंही आत गेलं तरी रक्तवाहिन्या आवळतंच. आपल्या गावात हे बोललं की लोक हसतात, ज्याच्यावर घर चाललं त्यालाच नावं ठेवतोय म्हणून. हसू देत.

आणि चालणं कमी करा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. मला सर्जननी चालायलाच लावलं. जवाहर तलावाकडे जातो. पोटरी धरायला लागली म्हणून लगेच थांबायचं नाही. बऱ्यापैकी दुखेपर्यंत रेटायचं, मग थांबायचं, पूर्ण ओसरलं की पुन्हा. थांबे धरून अर्धा ते पाऊण तास, आठवड्यातून निदान 3 दिवस, कमीत कमी 12 आठवडे. पहिले काही आठवडे काहीच फरक वाटत नाही, तिथंच लोक सोडतात.

खानापूरची_सून
औषधाच्या दुकानात बसते म्हणून दोन गोष्टी. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी पोटरीपेक्षा हार्ट अटॅक आणि लकवा टाळायला असते, कारण पायात साठलंय ते इतरत्रही साठलेलं असतं. दुखलं नाही म्हणून बंद करू नका. चालण्याचं अंतर वाढवायला सिलोस्टाझोल देतात, सहसा 100 मिलिग्रॅम दोन वेळा, जेवणाआधी अर्धा तास. डोकं दुखतं, धडधडतं. हार्ट फेल्युअर असेल तर ती चालतच नाही, म्हणून दुसऱ्याची चिठ्ठी दाखवून मागू नका. लोक मागतात!

व्हेरिकोज व्हेन्सचे घट्ट मोजे मनाने घालू नका, रक्त आधीच कमी जातंय. पायाला गरम पाण्याची पिशवी नको. साखरेत चटका कळत नाही.

चिक्कोडी_रोड
निपाणीहून कोल्हापूर जवळ, हायवेने तासाभरात. तिथल्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलमध्ये चौकशी करा. बेळगावला यायचं तर केएलई हॉस्पिटल आहे, सरकारी बिम्स आहे. कुठंही गेलात तरी व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनच्या ओपीडीचा वार आधी फोनवर विचारा. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकबद्दल काउंटरवर विचारून घ्या. महाराष्ट्राने 865 सीमागावांना महात्मा फुले योजना जाहीर केली आहे, पण कुठले कागद लागतात ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडूनच कळेल.

सीमेवरची_लेक
सगळ्यांचे आभार. विडी आहे, लपून. आणि आईनं आज वेगळंच सांगितलं. गेले काही आठवडे रात्री पाऊल ठणकतं म्हणून आप्पा उजवा पाय खाटेवरून खाली सोडून झोपतात. अंगठ्याच्या कडेला छोटी जखम आहे, भरत नाही. आधी चालायला लावून बघू?

टिळकवाडीकर
नको! आता बाब वेगळी झाली. झोपल्यावर ठणकणं, पाय खाली सोडल्यावर बरं वाटणं आणि न भरणारी जखम म्हणजे बसल्या जागीही रक्त पुरत नाही. फिजिशियन, एबीआय, 12 आठवडे हे सगळं राहू दे, याच आठवड्यात थेट व्हॅस्क्युलर सर्जन. अँजिओप्लास्टी की बायपास ते तेच ठरवतील. सीटी अँजिओ म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन, त्यात शिरेतून देतात ते डाय किडनीला जड जाऊ शकतं, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या. जखमेवर घरचं काही लावू नका, नख खोल काढू नका, अनवाणी फिरू देऊ नका. मध्येच पाय एकदम गार, पांढरट पडला, बोटं हलेनात, तर ओपीडीच्या वाराची वाट न बघता तडक इमर्जन्सीत. तिथं तासांचा हिशेब असतो.

विडी_सोडलेला
गाडी लागली तर मेसेज करा. माझी आहे.