खेड्यातलं ख्रिस्ती घर, वाढती मुलं : आपापले अनुभव लिहा

सगळ्यांना सलाम.

गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर आम्ही चौघीजणी चर्चबाहेरच्या चिंचेखाली उभ्या होतो. एकीचा धाकटा घरी येऊन म्हणाला होता, "मम्मी, सगळ्या वर्गात आपल्या एकट्याच्याच घरी नाताळला तारा का लावतात?" त्यावरून ज्या गप्पा निघाल्या त्या अर्धा तास संपेनात. परत येताना वाटलं, हे लिहून ठेवायला हवं. पुण्यात कॅम्पात नाहीतर गुरुवार पेठेत राहणाऱ्यांना चर्चची घंटा घरबसल्या ऐकू येते. आपल्याकडे गावात एक घर, फार तर दोन. पाळकसाहेब चार गावं सांभाळतात. त्यातच मुलं मोठी होतात. काय शिकवलं, काय जमलं नाही, कशाने जीव सुखावला, कशाने रडू आलं, असेल तसं लिहा. नाव नको, तालुका पुरे.

सुरुवात मी करते.

दौंड तालुका, दोन मुलांची आई

आमचा रविवार पहाटे साडेचारला सुरू होतो. चार गायी आहेत आणि गायींना शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, नाही. धारा काढायच्या, डेअरीत दूध घालायचं, फॅट लागेपर्यंत रांगेत थांबायचं. इकडे शेणकूर, भाकरी, मुलांच्या अंघोळी. उपासना नऊला आणि रस्ता अकरा किलोमीटरचा. मोटारसायकल एक, माणसं चार. धाकटी टाकीवर, थोरला आमच्या दोघांच्या मध्ये. कारखाना सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि नुसता फुफाटा. म्हणून चांगले कपडे पिशवीत घेते आणि चर्चमागच्या हापशावर तोंडं धुऊन मग घालते. एवढं करून पहिलं गीत हुकतंच. मला त्याची फार लाज वाटायची, कारण आत शिरलं की माना वळायच्या. एकदा पाळकसाहेबांच्या बाईंनी जवळ घेऊन सांगितलं, "पहिलं गीत गाडीवरच म्हणत या, देवाला तिथूनही ऐकू येतं." तेव्हापासून म्हणतो. धाकटीला सगळी कडवी त्या रस्त्यावर पाठ झाली. कालव्याचा पूल आला की तिसरं कडवं लागतं, हे तिचं ठरलेलं.

जमलं नाही ते हे : संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना. ज्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची असते त्या आठवड्यात हे दारं धरायला जातात, मुलं पेंगतात आणि प्रार्थना राहते. कुणाला जमलं असेल तर सांगा.

इंदापूर तालुका, एक वडील

ताई, मी मोटर चालू केली की बांधावरून घरी फोन लावतो. बायको फोन ताटावर उपड्या वाटीला टेकवून ठेवते, म्हणजे आवाज मोठा येतो. बायबलमधलं तेविसावं स्तोत्र मी इकडून म्हणतो, पोरं तिकडून. पाच मिनिटं होतात, पण मोडत नाही.

आता माझं. थोरल्याला दहावीनंतर डिप्लोमाला घालायचं होतं, त्यासाठी जातीचा दाखला हवा होता. आमचे पूर्वज अनुसूचित जातीतले, आजोबांनी बाप्तिस्मा घेतला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीची सवलत आधी फक्त हिंदूंना होती. पुढे १९५६ ला शिखांना आणि १९९० ला बौद्धांना मिळाली. ख्रिस्ती झालेल्यांना आजही नाही. महाराष्ट्रात आपण इतर मागास वर्गात धरले जातो आणि त्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या उताऱ्यावर जातीच्या रकान्यात 'ख्रिस्ती' एवढंच लिहिलेलं. खिडकीतला माणूस म्हणाला, "ही जात झाली का?" पाच हेलपाटे झाले. शेवटी चुलत आजोबांची नोंद सापडली. वाळवीने कडा खाल्लेलं रजिस्टर, पण शाईची ती एक ओळ शाबूत होती.

चौथ्या हेलपाट्याला पोरगा बरोबर होता. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "पप्पा, आपण नेमके कोण?" आमच्या घरात जातीचं नाव कधी निघालं नव्हतं. न बोललं की ती संपते असं मला वाटायचं. त्या दिवशी चहाच्या टपरीवर बसून मी त्याला सगळं सांगितलं. आजोबांना कुठल्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्यांनी बाप्तिस्मा का घेतला, सगळं. चहा तसाच गार झाला. तो काही बोलला नाही, पण घरी येऊन त्याने आजोबांचा फोटो पुसून परत लावला. हे मी त्याला पाच वर्षं आधी सांगायला हवं होतं.

केडगाव परिसर, एक आजी

माझी आजी, म्हणजे आताच्या मुलांची खापरपणजी, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून इथे मुक्तीत, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या आश्रमात, आली. सात-आठ वर्षांची असेल. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली-बायका आणल्या होत्या, मग गुजरातेतूनही आणल्या. गाव, आडनाव, आईबाप, आजीला काही आठवत नव्हतं. नातीला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला तेव्हा तिचं झाड एका फांदीवर आजीपाशीच थांबलं. पोर हिरमुसली.

मग मी तिला दुसरी गोष्ट सांगितली. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. त्या ५ एप्रिल १९२२ ला गेल्या आणि पुस्तक १९२४ ला बाहेर आलं. मुक्तीच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला मुलीच होत्या, त्यात आमची आजी. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात. त्या सवयीने आजी म्हातारपणी समोर बसलेल्याच्या हातातलं पुस्तक पलीकडून भराभर वाचायची. मी वाचताना एखादी ओळ गाळली तर ती चुलीपाशी बसून चूक सांगायची. आता नात माझ्यासमोर बसून उलटं वाचायचा सराव करते. अजून अडखळते, पण जोडाक्षरं यायला लागलीत.

पुरंदर तालुका, एक आई

माझा प्रश्न साधा आहे पण रोजचा आहे. जेजुरी आमच्यापासून जवळ. वर्गातली सगळी मुलं भंडारा लावून येतात, शाळेत सरस्वतीपूजन होतं, गणपतीत रोज कुणाच्या तरी घरी आरती. मुलगा सहावीत आहे. आम्ही त्याला सांगितलंय, मूर्तीपुढे हात जोडू नको, पण उभा राहा, चेष्टा करू नको आणि मित्राच्या आईने ताटात वाढलेलं टाकून उठू नको. मोदक खातो. त्यावरून चर्चमध्ये एका काकांनी त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. तो दोन रविवार आला नाही. चूक आमची की काकांची, मला अजून कळत नाही.

शिरूर तालुका, एक वडील

ताई, आमच्या घरी प्रसाद खात नाही. बायबलात पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय वाचा, तो मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दलच आहे. दुबळ्या विश्वासाच्या भावाला ठेच लागू नये म्हणून पौल मांस कधीच खाणार नाही म्हणतो. पण तोच अध्याय असंही सांगतो की अन्नाने आपण देवाच्या जवळही जात नाही आणि लांबही. त्यामुळे आमचं आम्हाला, तुमचं तुम्हाला. बारा वर्षांच्या मुलाला चारचौघांत बोलणं मात्र कोणत्याच अध्यायात नाही. काकांना घरी जेवायला बोलवा आणि मुलाला वाढायला सांगा.

बारामती तालुका, एक मुलगा आणि आता बाप

वडील श्रावणात गेले. गावात आमचं एक घर, दफनभूमी नाही. तालुक्याच्या गावी न्यायचं तर ओढ्याला पूर. म्हणून आमच्याच शेतात, विहिरीच्या वरच्या अंगाला जागा धरली. काळी जमीन, तीन दिवसांचा पाऊस. चार फूट खणलं की पाणी झिरपून भरायचं. उपसलं की परत तेच. मी खड्ड्यात गुडघाभर चिखलात उभा होतो आणि मला वाटत होतं, बापाला पाण्यात ठेवायचं का?

बांधाला बांध असलेला शेजारी, ज्याच्याशी पाटाच्या पाण्यावरून आमची दोन वर्षं बोलाचाली बंद होती, तो डिझेल इंजिन घेऊन आला. काही न बोलता पाइप सोडला आणि इंजिन चालू केलं. तासभर पाणी उपसत राहिला. तळाला वाळूचं घमेलं घमेलं टाकून त्यानेच ते सपाट केलं. पाळकसाहेब ओढ्याच्या पलीकडे अडकले होते, तेव्हा बायबलमधलं वचन माझ्या बारा वर्षांच्या मुलीने वाचलं. इंजिनाच्या आवाजात ऐकू येईना म्हणून ती मोठ्याने वाचत होती. शेजाऱ्याने मध्येच इंजिन बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला. पाणी पुन्हा वर यायच्या आत आम्ही माती लोटली.

दफनभूमीसाठी अर्ज केलेला आहे. वडिलांच्या नंतर आईचं काय, हा विचार पाऊस लागला की येतो.

दौंड तालुका, पालखीच्या रस्त्यावरून

तुकोबांच्या पालखीचा मुक्काम यवतला आणि मग वरवंडला. आमचं घर त्या वाटेवर. दरवर्षी आम्ही पाण्याचे पिंप आणि गुळाचा चहा ठेवतो. पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या वारकऱ्याने माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या हातून पाणी घेतलं आणि "माउली" म्हणून तिच्या पाया पडले. ती घाबरून घरात पळाली. तिला आम्ही शिकवलेलं, माणसाने माणसापुढे वाकायचं नाही. रात्री तिने विचारलं, आजोबा देवाला पाया पडले की मला? मी सांगितलं, त्यांना तुझ्यात देव दिसला. तिने खूप वेळ विचार केला. पुढच्या वर्षी तिने प्रत्येकाला पेला दोन्ही हातांनी दिला. आमच्यातही ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांपासून अभंगाच्या चालीवर भजनं आहेतच. ती टाळ ऐकून दारात त्याच चालीवर गुणगुणते आणि जाणारे दोन-चार जण मान डोलावून जातात.

जुन्नर तालुका, एक आई

इतकं सगळं जड वाचून मला एक गोड लिहावंसं वाटलं. कापणीचा सण! आमच्या इथे लोक काय काय आणतात : टोमॅटोचे क्रेट, बाजरी, कांद्याच्या गोण्या, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. उपासनेनंतर लिलाव. माझ्या धाकट्याने उकिरड्यावर भोपळ्याचा वेल लावला होता. एकच भोपळा धरला. त्याने तो रोज मापला, खाली पाचट घातलं, रात्री पोतं पांघरलं. सणाला स्वतः उचलून नेला, कुणाला हात लावू दिला नाही. पहिली बोली पन्नास रुपये. घेणाऱ्याने पैसे दिले आणि भोपळा परत मेजावर ठेवला, "पुन्हा बोला." असा तो चार वेळा विकला गेला. पाचव्यांदा एका विधवा आजींनी वीस रुपयांना मागितला आणि कुणीच पुढे बोललं नाही. धाकट्याने तो त्यांच्या घरापर्यंत पोचवला. दुसऱ्या दिवशी आजींनी घारग्यांचा डबा पाठवला. पोरगा पहिली घारगी खाताना डोळे मिटून बसला होता.

शिरूर तालुका, मघाचेच

आमच्या भागात उसात बिबट्या आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. नाताळची गाणी म्हणत घरोघर फिरायचं तर आता पायी जाता येत नाही. गेल्या वर्षी ट्रॉलीत सतरंजी टाकून पोरं बसवली, चारही कोपऱ्यांना मोठी माणसं, बॅटऱ्या, मध्ये बांबूचा तारा. वस्तीवर पोचलो की आधी हॉर्न, मग गाणं. एका वस्तीवर लोकांनी आम्हाला बघून आधी कुत्री आत घेतली आणि मग शेकोटी मोठी केली. पोरांना ही रात्र वर्षभर पुरते. यंदा अडचण एकच, आमचा ढोलकीवाला कामाला रांजणगावला लागला आणि त्याला रात्रपाळी आहे. कुणी आहे का?

जुन्नर तालुका, भोपळेवाल्याची आई

दादा, माझा थोरला ढोलकी वाजवतो. तेवीस तारखेला दुपारच्या एसटीने पाठवते. रात्री मात्र परत सोडू नका, मुक्कामाला ठेवून घ्या. सकाळी चहाबरोबर त्याला भाकरी लागते.