मदत हवी आहे: बाबांची फेनिटॉइन लेव्हल कमी आली, तरी तोल जातोय. गोळी वाढवायची का?

कोपरीची
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, आज अडले म्हणून धागा काढतेय.

बाबा ६८ वर्षांचे. पॅरालिसिसचा ॲटॅक येऊन गेल्यावर त्यांना फिट्स सुरू झाल्या. तेव्हापासून फिटसाठी एप्टॉइन १०० (म्हणजे फेनिटॉइनच) च्या तीन गोळ्या रात्री. मधुमेह जुना, लघवीतून प्रोटीन जातं, पायांवर सूज असते. आठवडाभरापासून चालताना भेलकांडतात, जेवता जेवता पेंगतात. शुगर दोन्ही वेळा ठीक होती. फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, ते असं आलं:

फेनिटॉइन ८.१ (नॉर्मल १० ते २०)
अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) २.१ (नॉर्मल ३.५ ते ५)
क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.३

फेनिटॉइनपुढे 'लो' असं ठळक छापलंय. दादा ऐरोलीला असतो, तो म्हणतो लेव्हल कमी म्हणजे पुन्हा फिट येणार, चौथी गोळी सुरू कर. डॉक्टर म्हणाले, "अल्ब्युमिन बघा ना, वाढवू नका, न्यूरोलॉजिस्टना दाखवा." बाहेर पेशंटची रांग होती, पुढे विचारता आलं नाही. न्यूरोलॉजिस्टची वेळ सोमवारची. फिटच्या गोळीचा अल्ब्युमिनशी काय संबंध? आणि लेव्हल कमी आहे तर हे भेलकांडणं कशाने?

चेंदणीकर
अंड्यातला पांढरा भाग द्या रोज. अल्ब्युमिन वाढलं की सगळं जागेवर येईल.

खारघर_फार्मा
@चेंदणीकर, लघवीतून गळती चालू असताना अंड्यांनी ते भरून निघत नाही. शिवाय किडनीच्या पेशंटला प्रोटीन किती द्यायचं हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

@कोपरीची, चौथी गोळी स्वतःहून अजिबात नको. चालू गोळ्या स्वतःहून बंदही करू नका, एकदम थांबवल्या तर फिट येऊ शकते. मी फार्मसी कॉलेजात शिकवते, डॉक्टर नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय.

रक्तात गेलेल्या फेनिटॉइनपैकी साधारण ९० टक्के अल्ब्युमिनला चिकटून फिरतं. ते मेंदूत शिरू शकत नाही. काम करतं ते उरलेलं १० टक्के मोकळं औषध, आणि त्रासही तेच देतं. लॅब मात्र दोन्ही मिळून मोजते. १० ते २० ही रेंज अल्ब्युमिन व्यवस्थित असलेल्यांसाठी आहे, त्यांच्यात मोकळं औषध १ ते २ च्या दरम्यान येतं. तुमच्या बाबांचं अल्ब्युमिनच निम्म्यावर आलंय, तेव्हा एकूण आकडा खाली दिसणारच.

अंदाज घ्यायला शायनर-टोझर सूत्र वापरतात. अल्ब्युमिनला ०.२ ने गुणायचं, त्यात ०.१ मिळवायचे, आणि आलेल्या लेव्हलला त्याने भागायचं. तुमच्याकडे ०.४२ अधिक ०.१ म्हणजे ०.५२. ८.१ भागिले ०.५२, आले १५.६. म्हणजे 'लो' छापलेली लेव्हल प्रत्यक्षात रेंजच्या मधोमध आहे.

नेरूळचा_नाना
सोपं आहे की मग. अल्ब्युमिन कमी, म्हणून मोकळं औषध जास्त, म्हणून चक्कर. गोळी निम्मी करा.

खारघर_फार्मा
नाना, इथेच सगळे घसरतात, माझे तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थीसुद्धा. सुटलेलं औषध नुसतं मेंदूकडे जात नाही, ते यकृताच्याही तावडीत सापडतं आणि मोडलं जातं. फेनिटॉइनसारख्या हळू मोडणाऱ्या औषधात काही दिवसांत मोकळं औषध पूर्वीइतकंच होतं, खाली राहतो तो एकूण आकडा. बेनेट आणि होएनर या संशोधकांनी २००२ मध्ये हेच मांडलं होतं की बहुतेक औषधांत या चिकटण्यातल्या बदलाने पेशंटला फारसा फरक पडत नाही. रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन आणि वेदनाशामक फिनिलब्युटाझोन ही जोडी आम्ही सगळ्यांनी पाठ केली: फिनिलब्युटाझोनने वॉरफॅरिनला अल्ब्युमिनवरून हुसकावलं आणि रक्तस्राव झाला. खरं कारण निघालं ते फिनिलब्युटाझोन यकृतात वॉरफॅरिनचं मोडणंच अडवतं हे. जुन्या पुस्तकांत अजून पहिलीच गोष्ट छापलेली असते, असो.

म्हणजे एकट्या कमी अल्ब्युमिनने बाबा भेलकांडणार नाहीत. @कोपरीची, अलीकडे दुसरं कुठलं औषध सुरू झालंय का?

कोपरीची
हो. गेल्या महिन्यात फिट आली म्हणून ॲडमिट होते, तिथे व्हॅल्प्रोएट ५०० हे फिटचं दुसरं औषध सकाळ-रात्र सुरू केलं. ते चालूच आहे.

खारघर_फार्मा
मग चित्र बदललं. व्हॅल्प्रोएटही अल्ब्युमिनलाच चिकटतं, त्यामुळे फेनिटॉइनची जागा घेतं. एवढंच असतं तर निभावलं असतं, पण ते यकृतात फेनिटॉइन मोडण्यातही आडकाठी करतं. दोन्ही एकदम झालं की मोकळं औषध खरंच वाढतं आणि साचून राहतं, आणि रिपोर्टवरचा एकूण आकडा तरी कमीच दिसतो. वर काढलेले १५.६ अशा पेशंटमध्ये धरून चालायचे नाहीत, त्या सूत्रात व्हॅल्प्रोएटचा विचारच नाही.

दादांना सांगा, फेनिटॉइन मोडणारी एन्झाइम्स लवकर भरून जातात. त्यापुढे एक गोळी वाढवली की लेव्हल एका गोळीपुरती वाढत नाही, उडीच मारते. बुबुळं बाजूला नेल्यावर थरथरतात का ते डॉक्टरांना बघायला सांगा. बहुधा ते आधी दिसतं, मग तोल जातो, मग गुंगी. तुमच्याकडे गुंगीपर्यंत आलंय, सोमवारपर्यंत थांबू नका. न्यूरोलॉजिस्टच्या हॉस्पिटलात आजच फोन करून दोन्ही औषधांची नावं सांगा आणि 'फ्री फेनिटॉइन' (फक्त मोकळं औषध मोजणारी तपासणी) करायचं का ते विचारा. उठवून जाग येईना किंवा उलट्या सुरू झाल्या तर थेट कॅज्युअल्टी.

महापे_शिफ्ट
मी एमआयडीसीतल्या लॅबमध्ये हीच कामं करतो. फ्री लेव्हलसाठी सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पाणी, बारीक गाळणीच्या नळीत घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. अल्ब्युमिनचा रेणू साधारण ६६ हजार डाल्टनचा (हे रेणूच्या वजनाचं माप), तो वरच अडकतो. फेनिटॉइन जेमतेम २५२ चं, पण मोकळं असेल तेवढंच खाली उतरतं, तेच मोजायचं. हे ३७ अंशांवर करावं लागतं. गार खोलीत फिरवलं तर चिकटलेलं जास्त राहतं आणि आकडा खोटा कमी येतो. ही तपासणी सगळीकडे होत नाही, कलेक्शन सेंटर सॅम्पल पुढे पाठवतं. रिपोर्टला एखादा दिवस जादा धरा आणि फॉर्मवर 'फ्री' लिहिलंय ना ते स्वतः वाचून घ्या, नाहीतर पुन्हा एकूणच करून देतील.

कोपरीची
खूप आभार सगळ्यांचे. फोन केला होता. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी व्हॅल्प्रोएटचं नाव ऐकल्याबरोबर न्यूरोलॉजिस्टना कॉन्फरन्सवर घेतलं. आजची एप्टॉइन किती द्यायची ते त्यांनी सांगितलंय, उद्या सकाळी फ्री फेनिटॉइन आणि रक्तातला अमोनिया करून लगेच दाखवायला बोलावलंय. दादा गाडी घेऊन येतोय. एकच विचारायचं राहिलं: सकाळची व्हॅल्प्रोएट रक्त देण्याआधी की नंतर?

महापे_शिफ्ट
लेव्हल साधारणपणे पुढच्या डोसच्या आधीच घेतात, म्हणजे गोळी रक्त दिल्यावर. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. शेवटच्या डोसची वेळ फॉर्मवर लिहून द्या, इकडे आम्हाला ती कधीच सापडत नाही.