हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर राहणारी वेदना : रुग्णाला आधी आकड्यांसह सांगावी का?

कोपरखैरणेकर :
माझे थोरले बंधू तुर्भ्याच्या बाजार समितीत माथाडी कामगार आहेत. गेल्या वर्षी नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात त्यांच्या जांघेतल्या हर्नियावर (पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतडे वगैरे बाहेर येणे) त्या जागेला आधार देणारी कृत्रिम जाळी बसवून शस्त्रक्रिया झाली. जखम भरली, हर्निया पुन्हा आला नाही. मात्र जांघेपासून वृषणापर्यंत जाणारी जळजळ आजही थांबलेली नाही आणि ५० किलोची गोणी पाठीवर घेणे त्यांना जमेनासे झाले आहे. तपासणीला गेलो की शस्त्रक्रिया उत्तम झाली आहे, एवढेच उत्तर मिळते.

हर्नियाच्या उपचारांविषयीच्या २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा शस्त्रक्रियेनंतर ३ महिन्यांहून अधिक टिकणारी वेदना सुमारे १० ते १२ टक्के रुग्णांना होते. रुग्णाच्या संमतीविषयीच्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली असे म्हटले की, उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि महत्त्वाचे धोके रुग्णाला सांगितलेच पाहिजेत. अगदी दूरच्या शक्यता सांगण्याची सक्ती मात्र नाही. दहांतल्या एकाला होणारा त्रास दूरची शक्यता कसा ठरेल? ज्याचे पोट अंगमेहनतीवर चालते, त्याच्या संमतीपत्रात हा आकडा मराठीत छापलेला असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

ठाण्यातील एक शल्यचिकित्सक :
आपल्या बंधूंच्या वेदनेबद्दल मला मनापासून वाईट वाटते, परंतु आकडा छापण्यास माझा विरोध आहे. या १० ते १२ टक्क्यांमध्ये मध्यम वेदनाही धरलेली असते आणि ती बहुतेकांत काळानुसार कमी होते. रोजचे काम अडवणारी वेदना, त्याच मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ०.५ ते ६ टक्के रुग्णांत आढळते. कागदावर 'दहांत एक' वाचलेला माणूस घरी जातो, पट्टा बांधून वर्षे काढतो आणि आतडे अडकल्यावर मध्यरात्री आमच्याकडे येतो. तेव्हा प्रश्न वेदनेचा नसतो, जिवाचा असतो. धोका तोंडी, त्या रुग्णाचे वय आणि काम पाहून समजावणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

घोडबंदरवासी :
मग जाळीच का वापरावी? पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी रुग्णाच्या स्वतःच्या स्नायूच्या आवरणाची पट्टी वापरण्याची पद्धत २००१ साली मांडली. परकी वस्तू शरीरात नसेल, तर हा त्रासही राहणार नाही.

ठाण्यातील एक शल्यचिकित्सक :
पद्धत चांगली आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर या पद्धतीची जाळीच्या पद्धतीशी तुलना झाली आणि ३ वर्षांनंतर वेदनेत लक्षणीय फरक दिसला नाही. जांघेतून तीन बारीक नसा जातात. त्यांतली एखादी टाक्यात किंवा व्रणात अडकली, तर जाळी नसतानाही दुखू शकते.

कोपरखैरणेकर :
मध्यरात्री अडकणाऱ्या आतड्याची भीती आपण दाखवलीत, म्हणून त्याचेही आकडे मांडतो. ज्यांना हर्नियाचा त्रास नाही किंवा अगदी थोडा आहे, अशा ७२० पुरुषांचा उत्तर अमेरिकेतला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या, लगेच शस्त्रक्रिया न करता वाट पाहणाऱ्यांमध्ये हर्निया अचानक अडकण्याचे प्रमाण दरवर्षी हजारी २ पेक्षाही कमी निघाले. त्यांच्यापैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांनी १० वर्षांत शस्त्रक्रिया करून घेतली हे खरे, पण मोजके अपवाद सोडले तर ती तातडीने नव्हे, ठरवून करून घेतली. माझ्या भावालाही फारसा त्रास नव्हता. त्याला हे माहीत असते, तर घरातला दुसरा कमावता हात तयार होईपर्यंत तो थांबू शकला असता. भीती वाटेल म्हणून माहिती रोखायची, हा निर्णय डॉक्टरांनी एकट्याने का घ्यावा?

ठाण्यातील एक शल्यचिकित्सक :
तो अभ्यास पुरुषांपुरताच आहे. स्त्रियांच्या जांघेतला हर्निया थांबवून ठेवणे धोक्याचे असते, हे येथे वाचणाऱ्यांनी कृपया लक्षात घ्यावे. शस्त्रक्रियेपूर्वीच तीव्र दुखत असेल किंवा रुग्ण तरुण असेल, तर नंतरच्या वेदनेची शक्यता वाढते आणि अशा रुग्णाला स्पष्ट सांगितलेच पाहिजे, इतके मी मान्य करतो. सर्वांसाठी एकच छापील आकडा मला आजही पटत नाही. आपल्या बंधूंना मात्र वेदना-उपचार तज्ज्ञांकडे अवश्य न्यावे. नसेजवळ भूल देण्याचे इंजेक्शन देऊन कोणती नस दुखते ते शोधता येते, नसेच्या दुखण्यावर वेगळी औषधे आहेत, आणि एवढे करूनही उपयोग झाला नाही तर त्या नसा कापण्याची शस्त्रक्रियाही अनुभवी हातांनी केली जाते.

कोपरखैरणेकर :
सल्ल्याबद्दल आभारी आहे. त्याप्रमाणे आम्ही दाखवू. हाच सल्ला पहिल्या तपासणीत मिळायला हवा होता, आणि छापील आकड्याची माझी मागणी कायम आहे.